दिवाणखान्यातला समुद्र कुणाच्या जबाबदारीवर?

२००३ मध्ये आलेल्या 'फाइंडिंग नेमो' या गाजलेल्या चित्रपटात सिडनीतील एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काचेच्या टाकीत अडकलेल्या माशांची एक टोळी आहे. त्या टोळीत जरा चिडला की टम्म फुगणारा एक काटेरी मासा आहे. त्याचे नाव ब्लोट. चित्रपटाच्या अखेरीस टोळी निसटते खरी, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद अवस्थेत आणि बंदराच्या पाण्यावर तरंगत. आता पुढे काय, हा प्रश्न नेमका ब्लोटच्या तोंडी येतो. प्रेक्षक खळखळून हसतात आणि चित्रपट संपतो. ब्लोटचे खरेखुरे भाऊबंद मात्र आजही अशाच पिशव्यांतून जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचत आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची तसदी ना विकणारा घेतो, ना घेणारा.

'नेमो'मुळे खाऱ्या पाण्यातले मासे घरी पाळण्याची लाट उसळली, असे त्या काळी सर्रास म्हटले गेले. पुढे झालेल्या अभ्यासांना या लाटेचा ठोस पुरावा फारसा सापडला नाही. किंबहुना ही हौस चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे आणि तिच्यामागचा व्यापार मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राने २००३ मध्येच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार दरवर्षी २ कोटी ते २ कोटी ४० लाख सागरी शोभेच्या माशांची खरेदी-विक्री होत होती. त्यात १,४७१ जातींचा समावेश होता. फिलिपिन्स आणि इंडोनेशिया हे प्रमुख पुरवठादार, तर अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक. यात एक फरक ध्यानात ठेवायला हवा. गोल्डफिश, गप्पी, एंजल असे गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे हौदांत आणि तळ्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुसंख्य मासे मात्र थेट समुद्रातून पकडलेले असतात. घरातल्या टाकीत फिरणारा साळिंदर मासा हा अशा अर्थाने पाळीव नव्हेच. तो बंदिवासात आणलेला वन्य जीव आहे.

या माशाला इंग्रजीत 'पोर्क्युपाइन फिश' म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला 'केंड' म्हणतात, त्या फुगणाऱ्या माशाचा हा जवळचा नातेवाईक. दोघांतला फरक दातांवरून आणि काट्यांवरून कळतो. केंडाच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात दातांचे दोन-दोन पट्टे असतात. साळिंदर माशाच्या प्रत्येक जबड्यात एकच सलग पट्टा असतो, पोपटाच्या चोचीसारखा. 'डायोडॉन' या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'दोन दातांचा' असा आहे. अंगावरचे काटे हे मूळचे खवलेच. एरवी ते अंगाशी चिकटून पडलेले असतात आणि मासा फुगला की ताठ उभे राहतात. प्रशांत महासागरातील किरिबाती बेटांवरचे योद्धे एके काळी याच काटेरी कातडीची शिरस्त्राणे करून लढाईला जात. जपानी भाषेत त्याला 'हजार सुया' या अर्थाचे नाव आहे.

बाजारात सर्वाधिक येणारी जात लांब काट्यांची. बाजारात ती बहुधा मुठीत मावेल एवढी असताना येते. मोठे डोळे, हसल्यासारखा दिसणारा चेहरा, जमिनीवरून हेलिकॉप्टर उचलावे तशी हळुवार चाल, आणि मुख्य म्हणजे माणसाला ओळखण्याची सवय, यामुळे पाहणारा तत्काळ भुलतो. हा मासा काही दिवसांतच खायला घालणाऱ्याला ओळखू लागतो, काचेपाशी येऊन घोटाळतो, क्वचित तोंडाने पाण्याची पिचकारीही मारतो. माशाला 'चेहरा' नसतो ही सर्वसाधारण समजूत तो खोटी ठरवतो. त्याच्या लोकप्रियतेचे हेच कारण आहे आणि त्याच्या दुर्दैवाचेही.

मुठीएवढा मासा मुठीएवढा राहत नाही. लांब काट्यांची जात टाकीत सर्वसाधारणपणे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि समुद्रात ५० सेंटिमीटरपर्यंत पोहोचू शकते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात आहे, जिच्या परांवरही काळे ठिपके असतात. ती ९० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन फूट वाढते. ती सार्वजनिक मत्स्यालयाखेरीज कुठेही ठेवण्याजोगी नाही. लहानपणी दोघी एकमेकींसारख्या दिसतात आणि दुकानात दोघी 'पफर' याच एका नावाने विकल्या जातात. परांवर ठिपके आहेत की नाहीत, एवढे पाहण्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही ते पाहिले जात नाही, कारण तसे पाहायला हवे हे ग्राहकाला सांगण्याचे बंधन कोणावर नाही. नीट निगा राखली तर मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. कुत्रा पाळण्याइतकीच ही दीर्घ बांधिलकी आहे. पण कुत्रा आणताना घरात जी चर्चा होते, ती मासा आणताना होत नाही.

त्याच्या दातांची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. चोचीसारखे हे दात आयुष्यभर वाढत राहतात. समुद्रात हा मासा रात्री बाहेर पडतो आणि शंख, शिंपले, खेकडे, समुद्री साळू असे कठीण कवचाचे जीव फोडून खातो. त्या चावण्यातच दात झिजतात. घरात त्याला सोललेली कोळंबी किंवा माशाचे मऊ तुकडे घातले की दात झिजत नाहीत, वाढत जातात. अखेरीस तोंड उघडेनासे होते आणि अन्न समोर असताना मासा उपाशी मरतो. उपाय सोपा आहे. कवचासकट कोळंबी, शिंपल्या, कालवे, छोटे खेकडे आहारात ठेवायचे. किनाऱ्यावरच्या शहरात ही सामग्री मासळी बाजारात सहज मिळते आणि महागही नाही. परंतु एकदा दात वाढले की ते भूल देऊन कापावे लागतात. मोठ्या शहरांतही माशाला भूल देऊन दात कापून देणारा पशुवैद्य शोधावा लागतो. आपल्याकडे माशांच्या आरोग्याचा अभ्यास होतो तो प्रामुख्याने कोळंबी संवर्धनाच्या आणि खाण्याच्या माशांच्या अंगाने. एका माशाचा रुग्ण म्हणून विचार करण्याची सवय त्या विद्येला अजून लागलेली नाही.

मासा फुगतो हे तर त्याचे सर्वांत मोठे आकर्षण. पाहुणे आले की 'फुगवून दाखव' ही फर्माईश होते. काठीने डिवचून किंवा जाळीत धरून त्याला फुगवायचे आणि त्याचे चित्रीकरण करायचे, असे प्रकार सर्रास चालतात. वास्तविक फुगणे ही त्याची शेवटची संरक्षक युक्ती आहे. तो झपाट्याने पाणी गिळतो, जठर कित्येक पटींनी ताणले जाते आणि भक्षकाच्या घशात मावू नये एवढा त्याचा गोळा होतो. ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये याच्या जवळच्या नात्यातल्या एका लहान फुगणाऱ्या माशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुगलेल्या अवस्थेत मासा श्वास रोखून धरतो, अशी तोवरची समजूत होती. ती चुकीची निघाली. मासा कल्ल्यांनी श्वास घेतच राहतो आणि त्याचा प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा सुमारे पाचपट वाढतो. फुगवटा उतरल्यानंतरही शरीर पूर्ववत व्हायला सरासरी साडेपाच तासांहून अधिक काळ लागला. हे आकडे साळिंदर माशाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण फुगणे म्हणजे खेळ नव्हे, एवढे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते. पाण्याबाहेर काढल्यास मासा पाण्याऐवजी हवा गिळतो. ती हवा बाहेर टाकणे त्याला अतिशय कठीण जाते आणि तो उलटा होऊन पृष्ठभागावर तरंगत राहतो. जाणकार त्याला जाळीने कधीच उचलत नाहीत. जाळीत काटेही अडकतात. पाण्याखालीच एखाद्या भांड्यात घेऊन तो हलवला जातो.

आता टाकीकडे वळू. या माशासाठी किमान पावणेपाचशे लिटरची टाकी लागते, असे अनुभवी हौशी मंडळी सांगतात, आणि तीही एकट्या माशासाठी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी घेतली तर तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असते, तेव्हा केवळ पाण्याचे वजन सातशे किलोच्या घरात गेले. काच, वाळू, दगड, लोखंडी स्टँड आणि गाळणयंत्रणा धरून ते आठशे किलोच्या पुढे जाते. हा सारा भार जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर येतो. निवासी इमारतींच्या मजल्यांसाठी भारतीय मानकात गृहीत धरलेला भार चौरस मीटरला साधारण २०० किलो आहे. याचा अर्थ टाकी ठेवताच स्लॅब कोसळेल असा नाही. तो आकडा सबंध मजल्यासाठी सरासरी म्हणून धरलेला असतो, आणि टाकी तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवली तर बराच फरक पडतो. पण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या सोसायटीत, जिथे गच्चीतून पाझरणाऱ्या पाण्याने सळया गंजल्या आहेत, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय अशी टाकी मांडणे म्हणजे स्वतःबरोबर खालच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही जोखमीत ओढणे होय. भिंत पाडायला परवानगी मागणाऱ्या सोसायट्या टाकीबद्दल मात्र काहीच विचारत नाहीत, हे आश्चर्य.

वजनाहून कठीण गोष्ट रसायनाची. साळिंदर मासा खादाड आहे आणि खाताना अन्नाचा चुरा करतो. उरलेले अन्न आणि विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विषासमान आहे. दगडांवर, वाळूत आणि गाळणीत वसलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचाच नसतो. प्रत्यक्षात टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी येतात आणि आठवड्याभरात मासा पोट वर करतो. दुकानदार 'पाणी सूट झाले नाही' असे सांगून दुसरा मासा देतो. खाऱ्या पाण्याच्या हौसेत पहिल्या काही महिन्यांत जे मासे दगावतात, त्यांच्या मागचे सर्वांत सामान्य कारण बहुधा हेच असावे. त्यावर ना कौशल्य लागते, ना खर्च. लागतो तो दीड महिन्याचा संयम.

जिवाणूंचे काम झाल्यावरही नायट्रेट उरतोच. तो पाणी बदलून काढावा लागतो. दर पंधरवड्याला १५ टक्के पाणी बदलायचे म्हटले तरी वरच्या टाकीला सुमारे शंभर लिटर नवे खारे पाणी लागते. त्यासाठी साडेतीन किलोच्या आसपास कृत्रिम समुद्री मीठ हवे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते आर.ओ. यंत्रातून गाळावे लागते, आणि घरगुती आर.ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवते. उन्हाळ्यात पाणीकपात जाहीर झालेल्या शहरात हा हिशेब अवघडच ठरतो. मे महिन्यात पाण्याचे तापमान २४ ते २७ अंशांत राखायला चिलर लागतो, कारण पंप आणि दिव्यांचीही उष्णता पाण्यात उतरते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. चार-सहा तास वीज गेली तर मासे आणि गाळणीतले जिवाणू दोन्ही गुदमरतात. इन्व्हर्टर फ्रीजसाठी नसला तरी चालेल, इथे चालत नाही.

आजारपणाचीही एक बाजू आहे. समुद्रातून आलेल्या माशांवर पांढरे ठिपके पाडणारा परजीवी सर्वत्र आढळतो. त्यावरचे रूढ औषध म्हणजे तांब्याचे संयुग. खवल्यांचे चिलखत नसलेली साळिंदर माशाची त्वचा तांब्याला नाजूक मानली जाते. मोजमाप थोडे चुकले की औषधच मारक ठरते. म्हणून नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून निरखणे हाच शहाणपणाचा मार्ग. म्हणजे आणखी एक टाकी, आणखी जागा.

एवढे सारे करणारे हौशी आहेत. मुंबई-पुण्यात, बंगळुरू-चेन्नईत अशा माणसांच्या टाक्या पाहिल्या तर त्यांच्या निष्ठेला दाद द्यावीशी वाटते. पाण्याच्या नोंदी लिहिणारे, सुट्टीला गावी न जाणारे, शिंपल्या आणण्यासाठी पहाटे बंदरावर जाणारे हे लोक कोणत्याही प्राणिमित्राइतकेच दयाळू आहेत. तेव्हा 'खाऱ्या पाण्याचे मासे पाळणे म्हणजे क्रौर्य' असे सरसकट विधान करणे अन्यायाचे होईल. प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न आहे तो मासा आणि ही निष्ठा यांची गाठ पडण्याआधीच मासा विकणाऱ्या व्यवस्थेचा.

ही व्यवस्था अपारदर्शक आहे. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळांत दडलेले मासे सोडियम सायनाइडचे द्रावण फवारून गुंगवण्याची पद्धत रूढ झाली. तिथे १९७५ मध्ये तिच्यावर बंदी आली, तरी ती पूर्णपणे थांबली नाही. सायनाइडने मासा तर अशक्त होतोच, आजूबाजूचे प्रवाळही मरतात. साळिंदर मासा संथ पोहणारा असल्याने साध्या जाळीनेही पकडता येतो, हे खरे. पण दुकानातल्या ग्राहकाला हा मासा कोणत्या देशातून, कोणत्या पद्धतीने आणि किती हातांतून आला हे कळण्याचा मार्गच नाही. प्रवासाआधी त्याला उपाशी ठेवले जाते, जेणेकरून पिशवीतले पाणी लवकर दूषित होऊ नये. दोन-तीन विमानतळ ओलांडून तो दुकानात येतो तेव्हा त्याची भूक ही ओळख असते की आजार, हेही सांगता येत नाही.

गंमत अशी की ही जात धोक्यात आलेली नाही. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत लांब काट्यांचा साळिंदर मासा 'किमान चिंतेच्या' वर्गात आहे. जगभरच्या उष्ण समुद्रांत तो आढळतो. आणि त्याचा चुलतभाऊ केंड तर सिंधुदुर्गच्या मच्छीमारांना नकोसाच आहे. केंडांच्या झुंडी जाळी कुरतडतात, आतली मासळी खातात, अशी तक्रार ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. इकडे किनाऱ्यावर फेकून दिला जाणारा आणि तिकडे शहरात काचेमागे मिरवला जाणारा, असे हे कुळ. त्यामुळे संवर्धनाच्या नेहमीच्या युक्तिवादाने या माशाचे काही भले होणार नाही. वाघाचे आणि कासवाचे कायदे नामशेष होण्याच्या भीतीवर उभे आहेत. साळिंदर माशाचा प्रश्न जातीचा नाही, एकेका जिवाचा आहे.

आपल्या कायद्यांतली पोकळी नेमकी इथे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना सर्वोच्च संरक्षण दिले. त्यामुळे भारतीय समुद्रातले जिवंत प्रवाळ टाकीत ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. पण प्रवाळांभोवती फिरणाऱ्या बहुतेक माशांना तो कायदा लागू होत नाही. मे २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यालये आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम काढले. त्यांत क्लाउनफिश, बटरफ्लाय फिश अशा १५८ जातींवर निर्बंध आले आणि दुकानांना नोंदणी सक्तीची झाली. शोभेच्या माशांच्या व्यवसायावर पोट भरणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. एकीकडे सरकारचेच मत्स्य विभाग या व्यवसायाला प्रोत्साहन देत होते आणि दुसरीकडे दुसरे मंत्रालय त्यावर बंदी घालत होते. असे नियम टिकणे शक्य नव्हते आणि ते टिकले नाहीत. त्यांची मूळ चूक बंदीची यादी ही होती. कोणती जात विकावी हे ठरवण्याच्या घाईत, विकताना काय सांगावे हा साधा प्रश्न बाजूला पडला. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी जे नियम आले, त्यांतल्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनिपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी यांची नावे आहेत. माशाचे नाव नाही.

आणि तरीही कायद्यात काहीच नाही असे म्हणता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात 'प्राणी' म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात, हालचालीला वाजवी वाव मिळणार नाही एवढ्या अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात किंवा अन्य पात्रात प्राण्याला ठेवणे हा गुन्हा मानला आहे. काचेची टाकी हे 'पात्र' नव्हे काय? दोन फुटांच्या टाकीत एक फुटाचा मासा वळूही शकत नसेल, तर हे कलम त्याला शब्दशः लागू पडते. मूळ कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये आहे. टाकीत टाकायच्या खाद्याची पुडीही त्यात येत नाही.

माशाला वेदना होतात का, असा प्रश्न इथे अनेक जण विचारतील. २००३ मध्ये ब्रिटिश संशोधक लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवून दिले. चिडवणारे रसायन टोचल्यावर मासे खाणे सोडून तोंड तळाशी घासत राहिले. याला वेदना म्हणावे की निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया, यावर शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहेत. पण वाद मिटेपर्यंत थांबायचे की संशयाचा फायदा माशाला द्यायचा, हा निर्णय शास्त्राचा नाही, समाजाचा आहे. ब्रिटनने तो घेतला. तिथला २००६ चा प्राणी कल्याण कायदा सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना, म्हणजे पाळलेल्या माशांनाही लागू होतो. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि प्राण्याची निगा कशी राखायची याची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. त्यासाठी कोणत्याही जातीवर बंदी घालावी लागली नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही वारे बदलत आहेत. वन्यजीवांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या २०१९ मधील जिनिव्हा परिषदेत सागरी शोभेच्या माशांच्या व्यापाराचा स्वतंत्रपणे अभ्यास करण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये ब्रिस्बेन येथे त्यावर तज्ज्ञांची कार्यशाळा झाली. त्याआधी २०१७ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने, पर्यावरणीय परिणामांचा आढावा घेतल्याखेरीज टाकीसाठी मासे पकडण्याचे व्यापारी परवाने देता येणार नाहीत, असा निकाल दिला होता. आज ना उद्या या व्यापारातल्या प्रत्येक माशाच्या उगमाची नोंद मागितली जाईल. भारतीय विक्रेत्यांनी ती सवय आधीच लावून घेतलेली बरी.

पैदास हा दुसरा मार्ग. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल या माशांची बंदिस्त पैदास यशस्वी केली आहे. नवी मुंबईत ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची पैदास झाली आहे. घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडायचीच असेल, तर हौदात जन्मलेला दोन-तीन इंचांचा क्लाउनफिश हा पर्याय हाताशी आहे. तो दोनशे लिटरमध्ये सुखाने राहतो आणि त्याला शिंपल्या फोडून द्याव्या लागत नाहीत. साळिंदर माशाच्या बाबतीत ही सोय नाही. त्याची अंडी आणि पिल्ले खुल्या समुद्रात वाहत वाढतात. व्यापारी पातळीवर त्याची पैदास होत नाही. प्रत्येक साळिंदर मासा समुद्रातूनच येतो, हे घेणाऱ्याने धरून चालावे.

राहता राहिला तो वाढलेल्या माशाचा प्रश्न. तीन-चार वर्षांत टाकी अपुरी पडते, घर बदलते, बदली होते, हौस ओसरते. दुकानदार मोठा मासा परत घ्यायला सहसा तयार नसतो. मोठ्या मत्स्यालयांनाही प्रत्येक हौशाचा मासा सामावून घेणे शक्य नसते. मग चौपाटीवर नेऊन समुद्रात सोडण्याची कल्पना पुण्याची वाटू लागते. ती सर्वांत घातक आहे. दूरच्या समुद्रातून आलेला, टाकीतले रोगजंतू आणि परजीवी घेऊन फिरणारा मासा इथल्या पाण्यात सोडला, तर तो एकटा मरेलच असे नाही. मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाजवळच्या अटलांटिकमध्ये दिसू लागला. पाळलेले मासे कोणीतरी सोडून दिल्यानेच तो तिथे पोहोचला, असे तज्ज्ञ मानतात. आज कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांवर त्याने धुमाकूळ घातला आहे आणि त्याला मारण्यासाठी तिथे स्पर्धा भरवाव्या लागतात. वाढलेल्या साळिंदर माशासाठी उरतो तो एकच रास्त मार्ग : मोठी टाकी असलेला दुसरा जाणकार हौशी शोधायचा. हा शोध मासा टाकीत मावेनासा झाल्यावर सुरू केला तर बहुधा उशीर झालेला असतो. तो मासा विकत घेण्याच्या दिवशीच सुरू करावा लागतो.